पिवळ्या दिव्याची तक्रार

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्याला मेहुणीच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही दोघंच पुण्याहून गाडीनं निघालो. शिरवळ मागं पडलं आणि खंबाटकीच्या पायथ्याशी ट्रकच्या रांगेत अडकलो. दहा-पंधरा मिनिटं गाडी जागच्या जागी उभी होती. तेवढ्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं छोटंसं चित्र, पण दुरून पाहिलं तर नळाच्या तोटीसारखं दिसणारं. गाडी मात्र ठीक होती. वेगळा आवाज नाही, धक्का नाही, वास नाही.

"अहो, तो दिवा कसला लागलाय?" बायकोनं विचारलं.

"सेन्सरचा असेल काहीतरी," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. बँकेत असताना आम्हांला जे समजत नसे, त्याला आम्ही 'सिस्टिम' म्हणत असू. ग्राहक बिचारा मुकाट्यानं परत जाई. बायको ग्राहक नसल्यामुळं तिचं समाधान झालं नाही. साताऱ्यापर्यंत तिची एक नजर रस्त्यावर आणि एक त्या दिव्यावर होती. बारशाला जमलेल्या मंडळींत पाचजणांकडे गाड्या होत्या. त्यांतल्या तिघांनी एकच सल्ला दिला : "काही नाही हो, गॅरेजमध्ये नेऊन दिवा घालवून घ्या."

दिवा घालवून घ्या! पुढचे सहा आठवडे आणि साडेअकरा हजार रुपये खर्ची पडल्यावर मला उमगलं, की सगळा घोटाळा या तीन शब्दांत आहे. आजचा लेख त्यासाठीच.

* * *

पुण्याला परतल्यावर गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. गारेगार काचेची खोली, कॉफीचं यंत्र आणि गळ्यात टाय बांधलेला एक तरुण. त्यानं स्टिअरिंगखालच्या खोबणीत एक वायर खुपसली, हातातल्या पाटीवजा यंत्राकडे पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला.

"पी ०१७१ आलाय, सर. सिस्टिम टू लीन. ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल."

पुन्हा सिस्टिम! या खेपेला मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला होतो. मुकाट्यानं मान डोलावली. बिल झालं ९,४०० रुपये. दिवा गेला. अकराव्या दिवशी एका मोठ्या चौकात सिग्नलला उभा असताना तो पुन्हा लागला. परत गेलो. तपासणीचे १,२५० रुपये घेऊन तोच तरुण म्हणाला, "मग फ्युएल पंप असेल, सर." खर्चाचा अंदाज चौदा हजार.

'असेल' या शब्दानं मी सावध झालो. तीसेक वर्षं मी लोकांचे कर्जाचे अर्ज वाचले आहेत. अर्जात 'असेल' दिसलं की कागद मागायचा, ही जुनी खोड. मी गाडी घेऊन घरी आलो आणि वही काढून बसलो. पुस्तकं पाहिली, जाणकारांना गाठलं. जे कळलं, ते वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळच सोपं निघालं.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्याचं काम पूर्वी कार्बुरेटर करी, आता गाडीतला संगणक करतो. आमच्या गाडीत इंजिनाकडे जाणारी हवा मोजायला वाटेवर एक सेन्सर बसवलेला आहे. त्याच्या मापानुसार संगणक पेट्रोल सोडतो. मग जळून बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर धुरात किती प्राणवायू उरला, याची बातमी देतो. प्राणवायू जास्त उरला, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं. संगणक लगेच पेट्रोल थोडं वाढवतो. जास्त झालं, तर घटवतो. ही दुरुस्ती सेकंदागणिक चालू असते आणि ती टक्क्यांत मोजली जाते. चार-पाच टक्के इकडेतिकडे चालायचंच. पण दुरुस्ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत गेली आणि तिथंच राहिली, की संगणक हात टेकतो, तक्रारीचा क्रमांक नोंदवतो आणि पिवळा दिवा लावतो.

हा क्रमांक म्हणजेच कोड. पहिलं अक्षर खातं सांगतं : 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी चेसिसची अंगं आणि 'यू' म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपापसांतलं दळणवळण. त्यानंतरचा अंक शून्य असला, तर तो कोड बहुतेक सर्व कंपन्यांना समान. एक असला, तर त्या कंपनीचा खास. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. पी ०४२० म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपलं काम पुरं करत नाही. आणि आमचा पी ०१७१ म्हणजे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं आहे. इतकंच. ते का कमी पडतं, याबद्दल कोड एक अक्षरही बोलत नाही.

कारणं अनेक असतात. पंप दमलेला असेल, फिल्टर तुंबला असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल, किंवा मोजमाप झाल्यानंतर कुठल्या तरी फटीतून चोरटी हवा आत शिरत असेल. क्वचित ऑक्सिजन सेन्सरही बिघडतो. पण तपासल्यावाचून तो बदलणं म्हणजे वाईट तार आणली म्हणून पोस्टमनला बडतर्फ करणं.

वही मिटताना मला आमच्या जुन्या हेडक्लार्कची आठवण झाली. बँकेत संगणक येण्यापूर्वी संध्याकाळी खतावण्यांचा ताळा जमवावा लागे. तो जमेना, की घर दूर राही. समजा, चोपन्न रुपयांचा फरक आला. आम्ही नवखी पोरं चोपन्न रुपयांची नोंद शोधत बसू. हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणत, "नवानं भाग जातो का बघा." जात असे. "मग कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलीय. ब्याऐंशीच्या जागी अठ्ठावीस शोधा." आणि ते सापडत असे! फरक सम आकडा असला, तर त्याचं निम्मं शोधायला सांगत, कारण जमेची रक्कम नावे पडली असली तर फरक दुप्पट येतो. फरक हा चुकीचा पत्ता नसतो. तो चुकीनं मागं ठेवलेला पायाचा ठसा असतो, आणि ठशावरून चालत जायला माणूस लागतो.

ज्यांना चालायचा कंटाळा, त्यांच्यासाठी 'सस्पेन्स खातं' होतं. फरक उचलायचा, त्या खात्यात टाकायचा, ताळा जमला म्हणून सही करायची आणि घरी जायचं. दिवा घालवून घ्या, तो हाच प्रकार. सस्पेन्स खात्यात टाकलेले फरक पुढे इन्स्पेक्शनच्या वेळी कसे उभे राहतात, हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

* * *

शेवटी शेजाऱ्यांनी एका गॅरेजचा पत्ता दिला. सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला, पत्र्याच्या शेडमधलं. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्याकडेही कोड वाचायचं यंत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं. पण ते काढण्यापूर्वी त्यांनी मला बाकड्यावर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवा पहिल्यांदा कधी लागला? गाडी चढावर होती की सपाटीला? पळत होती की उभी? एसी चालू होता का? आमच्या लहानपणी फॅमिली डॉक्टर जसे नाडी धरण्यापूर्वी "काल काय खाल्लं?" विचारत, तसंच हे चाललं होतं.

मग यंत्र जोडलं. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो : वेग किती, इंजिनाचे फेरे किती, तापमान किती. पहिला फोटो दिवा घालवताना पुसला गेला होता. दुसरा शाबूत होता. वेग शून्य, फेरे साडेसातशे, इंजिन गरम.

"साहेब, दोन्ही वेळेला गाडी उभी असतानाच बोललीय," उस्ताद म्हणाले. "पंप कमजोर असता तर पळताना, चढावर कुरकुर केली असती."

त्यांनी इंजिन नुसतं चालू ठेवलं. पेट्रोलची दुरुस्ती बावीस टक्के दिसत होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर नेले. दुरुस्ती पाच टक्क्यांवर आली. सोडला, पुन्हा बावीस. कारण उघड होतं. इंजिन भरपूर हवा ओढत असलं, की फटीतून येणारी चोरटी हवा त्यात नगण्य ठरते. इंजिन मंद चालत असलं, की तेवढीच चोरी डोळ्यांत भरते. श्रीमंताच्या घरची शंभराची नोट आणि गरिबाच्या घरची शंभराची नोट!

उस्तादांनी साबणाच्या पाण्याची पिचकारी घेतली आणि एकेका नळीच्या जोडावर बारीक फवारा मारत गेले. एका जागी फवारा पडताच इंजिनाचा सूर बदलला. तिथली अंगठ्याएवढी रबरी नळी त्यांनी काढून माझ्या हातात दिली. वरून धडधाकट, खालच्या बाजूला बोटभर चीर. नळीचे साडेतीनशे आणि मजुरीचे पाचशे. एकूण साडेआठशे रुपये.

मी खिशात हात घातला, तर म्हणाले, "थांबा, अजून झालं नाही." कोड पुसून, यंत्र जोडलेलंच ठेवून ते माझ्या शेजारी बसले. खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत दोनदा गाडी उभी करून आकडे दाखवले : दोन टक्के, तीन टक्के. "आता पैसे द्या," म्हणाले. "मी पुसला नसता तरी दिवा दोन-चार दिवसांत आपला आपण विझला असता." हे खरं आहे. दोष खरोखर नाहीसा झाला, की लागोपाठच्या तीन फेऱ्यांत संगणकाची खात्री पटते आणि दिवा स्वतःहून विझतो. घालवलेला दिवा आणि विझलेला दिवा दिसायला सारखेच असतात.

* * *

परत येताना मी सहज विचारलं, "हे यंत्र केव्हा घेतलंत?"

"२०१२ साली. घरच्या पाटल्या गहाण ठेवून. बँकेत गेलो होतो, साहेब लोकांनी उभं केलं नाही."

मी बँकेत होतो, हे मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. त्यानंतरही सांगितलं नाही.

त्याला कारण आहे. २०११ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथला एक मेकॅनिक असंच कोटेशन घेऊन आला होता. स्कॅनर आणि त्याचं प्रशिक्षण, मिळून नव्वद हजार रुपये. बॉनेटला कान लावून दोष सांगणारा म्हणून गावात त्याची ख्याती होती. मी विचारलं, "तुम्हांला कानानं कळतं, मग हे कशाला?" तो म्हणाला, "साहेब, नव्या गाड्या कानाला सांगत नाहीत, त्या यालाच सांगतात." मी तारणाचा हिशेब केला. उद्या कर्ज थकलं, तर या डबीचे कोण काय देणार? "लिफ्ट घ्यायची असेल तर बघू, तिचं लोखंड तरी विकता येतं," असं मी त्याला म्हणालो. नियमानं माझं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं कोटेशनची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि नमस्कार करून गेला.

त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, आपल्या देशात नव्या मोटारींना स्वतःचे दोष नोंदवणारी ही व्यवस्था लागू व्हायला सुरुवात झाली होती, आणि तिचा पुढचा, अधिक कडक टप्पा एप्रिल २०१३ मध्ये यायचा होता. कायद्यानं गाड्यांना नवी भाषा शिकवली आणि ती शिकू पाहणाऱ्याला मी अंकलिपी नाकारली. चार वर्षांनी त्या रस्त्यानं गेलो, तेव्हा गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. माझ्या नकारामुळंच ते बंद पडलं, असं म्हटलं तर मीही कोड पाहून पार्ट बदलल्यासारखं होईल. कारणं आणखीही असतील. पण त्या घडी घातलेल्या कागदाचा आवाज मला अजून आठवतो.

* * *

हा दिवा मुळात आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरणारं धुकं साचू लागलं. आरी हागेन-स्मित नावाचा, जन्मानं डच असलेला, अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारा रसायनशास्त्रज्ञ तिथं होता. मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफांवर उन्हाची क्रिया होऊन हे धुकं तयार होतं, हे त्यानं दाखवून दिलं. पुढं कॅलिफोर्नियानं धुरावर निर्बंध घातले, आणि मग लक्षात आलं, की कारखान्यातून निघालेली स्वच्छ गाडी दोन वर्षांनी स्वच्छ राहिली की नाही, हे कुणालाच कळत नाही. म्हणून १९८८ च्या गाड्यांपासून तिथं गाडीनंच आपला दोष सांगावा असा नियम झाला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एकच खोबण आणि एकच भाषा आली. युरोपनं २००१ मध्ये पेट्रोलच्या गाड्यांसाठी तेच केलं. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, २००० मध्ये देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि मग २०१० पासून हा दिवा.

तेव्हा हा दिवा मालकाच्या सोयीसाठी जन्माला आलेला नाही. आपल्या गाडीमागं स्कूटरवर आईला धरून उभ्या असलेल्या पोराच्या वतीनं तो लागतो. "गाडी चालतेय ना, मग दिवा घालवा," असं आपण म्हणतो, तेव्हा त्या पोराचा अर्ज न वाचताच फेटाळत असतो.

यावर कुणी म्हणेल, यंत्र खोटं बोलत नाही, ते सांगेल ते करावं. तेही पूर्ण खरं नाही. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली फोक्सवॅगन कंपनीनं आपल्या डिझेल गाड्यांत घातली होती. ते २०१५ मध्ये उघड झालं आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती असल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. यंत्र माणसानं शिकवलं तेवढंच बोलतं. खरं शिकवलं तर खरं, खोटं शिकवलं तर खोटं. आणि खरं बोललं, तरी ऐकणारा लागतोच.

म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, दिव्याचा रंग ओळखावा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी ताबडतोब थांबवावी. इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत असेल, तर न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आहे आणि तो वितळू शकतो. वेग कमी करून थांबावं आणि गाडी तशीच दामटू नये. दिवा स्थिर असेल तर घाबरू नये, पण महिनोन्‌महिने रेंगाळूही नये.

दुसरी, कोड पुसण्यापूर्वी तो आणि त्या क्षणाचा फोटो लिहून घ्यायला सांगावं. भाग बदलायचा असेल, तर कोणत्या तपासणीवरून तो ठरवला, हे बिलावर मागावं. डॉक्टर रिपोर्ट हातात देतात, बँक पासबुक देते. मग गॅरेजनं का देऊ नये?

तिसरी, जुनी गाडी घेताना दिवा बंद आहे एवढ्यावर भुलू नये. कोड नुकतेच पुसलेले असतील, तर संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. साध्या स्कॅनरवरही ते कळतं. विकणारा "कालच सगळं चेक केलंय" म्हणाला आणि चाचण्या अपूर्ण असल्या, तर काल नेमकं काय केलं, हे ओळखायला हेडक्लार्क लागत नाही.

आणि चौथी माझ्या जुन्या सहकाऱ्यांसाठी. पत्र्याच्या शेडमधून कुणी स्कॅनरचं कोटेशन घेऊन आला, तर यंत्राचे भंगारात किती येतील, हा हिशेब जरा बाजूला ठेवा. तो माणूस प्रश्न विचारतो का, ते पाहा. तारण तेच आहे.

* * *

गेल्या महिन्यात पुन्हा साताऱ्याला गेलो. तो बारशाचा नातू आता घरभर धावतो. जाताना-येताना दिवा लागला नाही. बायकोनं मात्र गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर तिच्या रेखीव अक्षरात लिहिलंय : 'दिवा लागल्यास नोंद करणे. तारीख, वेळ, वेग, चढ की सपाट, एसी चालू की बंद.'

त्याखाली एक रेघ मारली आहे आणि रेघेखाली लिहिलंय : 'सेन्सरचा असेल, असे म्हणू नये.'